नाका कोण ओलांडणार? फोटो-डिझाइनच्या धंद्यातल्या अडकलेल्या पैशांबद्दल

विचारणा वडगावच्या एका ताईंची आहे. नवरा-बायको मिळून लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतात, शिवाय पत्रिका, लोगो, बॅनरची कामं घेतात. कोल्हापूरच्या एका लग्नघराकडे आठ महिन्यांपासून 85 हजार अडकलेत. आता ते म्हणतात, आधी सगळे रॉ फोटो (कॅमेऱ्यातले, एडिट न केलेले) द्या, नाहीतर ग्राहक मंचात जातो. निपाणीच्या एका दुकानाला लोगो करून दिला, निम्मेच पैसे आले, आणि लोगो मात्र पाटीवर, पिशव्यांवर झळकतोय. तिसऱ्या एका लग्नाचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले म्हणून नवरीच्या भावानं नोटीस पाठवतो असा फोन केला. त्यांचे शेवटचे दोन प्रश्न असे: करारावर सही मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, "आम्ही काय परके काय ओ?", तेव्हा काय करायचं? आणि केस करायचीच तर बेळगावात की कोल्हापुरात?

ताई, मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. पुण्याच्या वकिलाला तो किरकोळ वाटेल. बेळगावात वकिली करणाऱ्याला तसं म्हणून चालत नाही. आपलं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडी, गोवा असं पसरलेलं. भाषा तीच, सोयरिकी त्याच, पण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य दुसरं, कोर्ट दुसरं, मुद्रांकाचा कायदासुद्धा दुसरा. 85 हजारांसाठी कोल्हापूरला दहा-बारा तारखा करायच्या म्हटलं तर गाडीचं तेल, त्या दिवशी बुडालेलं काम आणि तिथल्या वकिलाची फी वजा करून हातात काय उरतं ते तुम्हीच मांडून बघा. म्हणून माझ्याकडे फोटोग्राफर, डिझायनर, मंडपवाले आले की मी आधी कलमं काढत नाही. एवढंच विचारतो, भांडण झालंच तर नाका तुम्ही ओलांडणार की समोरचा? ते बहुतेक वेळा काम घेतल्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

दिवाणी दाव्याचा साधा नियम असा की प्रतिवादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं दावा लावता येतो, किंवा दाव्याचं कारण पूर्णपणे अथवा अंशतः जिथं घडलं तिथं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 20. तुमचा सौदा बेळगावात ठरला, एडिटिंग इथं झालं, पैसे इथल्या खात्यात यायचे होते, तर कारणाचा काही भाग इथं घडला असं म्हणायला जागा आहे. समोरचा वकील त्यावर वाद घालणारच. काम घेतानाच "सर्व रक्कम बेळगाव येथे देय, वाद बेळगावच्या न्यायालयात" एवढं एक वाक्य लिहिलं असेल तर त्या वादातली हवा बरीचशी निघून जाते. मात्र ज्या गावाचा व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही त्या गावाचं कोर्ट करार करून ओढून आणता येत नाही. आपल्याकडच्या कित्येक स्टुडिओंच्या बिलबुकावर "मुंबई न्यायक्षेत्र" छापलेलं मी पाहिलंय. छापखान्यात कुणाचंतरी जुनं बिलबुक नमुन्याला दिलेलं असतं, त्यातलं ते उतरलेलं. मुंबईशी संबंध ना मालकाचा, ना गिऱ्हाइकाचा.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती सांगतो. बेळगावात हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, मिळाला तरी समोरच्याचं घरदार, खातं कोल्हापूरला असेल तर तो वसुलीसाठी तिकडच्या कोर्टात वर्ग करून घ्यावा लागतो. दावा जिंकून लोक इथं दमतात. मी फी घेणारा माणूस आहे, तरी सांगतो, लाखाच्या आतल्या बाकीसाठी दावा हा माझा शेवटचा सल्ला असतो.

त्याआधीच्या वाटांपैकी सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे चेक. सगळं फोनवरून येतंय, चेकबुक कुणाच्या कपाटात आहे हेही आठवत नाही, मान्य. पण शेवटच्या हप्त्यापुरता पुढच्या तारखेचा चेक मागून ठेवा. 2015 च्या दुरुस्तीनंतर चेक न वटल्याची फौजदारी तक्रार ज्या शाखेत पैसे घेणाऱ्याचं खातं आहे तिथल्या कोर्टात चालते. चेक कोल्हापूरच्या बँकेचा, तुमचं खातं टिळकवाडीत, तर तक्रार बेळगावात, आणि नाका ओलांडायचा त्यांनी. फक्त तारखा अंगात भिनवून घ्या. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरायचा. परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर त्यांना 15 दिवस. तरी पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार. यातला एक टप्पा चुकला की चांगली केस हातची जाते, आणि चुकतो तो बहुधा 30 दिवसांचा, कारण मधे कुणीतरी पाहुणा "मी बोलतो की त्यांच्याशी" म्हणून पडलेला असतो. पाहुण्याला बोलू द्या, नोटीस वेळेत जाऊ द्या. दोन्ही एकदम चालतं. चेक घेताना तो कशाचा आहे तेही मेसेजमध्ये लिहा, "अल्बम आणि व्हिडिओ मिळाल्यावरच्या शेवटच्या हप्त्यापोटी" असं. नाहीतर "तो तारण म्हणून दिला होता, काम पुरंच झालं नाही" हा बचाव ठरलेला.

दुसरी वाट निपाणीच्या दुकानासाठी. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आज रात्री करा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा छोट्या कारखान्यांपुरता आहे असा समज आहे. सेवा देणारेही त्यात येतात, म्हणजे तुमचा स्टुडिओ येतो. त्यानुसार पैसे देण्याची मुदत लेखी ठरली असेल तरी ती 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवस. पुढं गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. तक्रार आपल्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे करायची, ती याच कायद्याखाली अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकते. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पुरवठादार परिषदेच्या हद्दीत असला की पुरे, खरेदीदार भारतात कुठंही असो. निपाणी आपल्याच जिल्ह्यात आहे, पण सीमेपलीकडच्या शिनोळीतल्या कारखान्याचं ब्रोशर करता, कोल्हापूरच्या शोरूमची जाहिरात करता, त्यांनाही हेच लागू. अट एकच धरून चाला: नोंदणी काम घेण्याआधीची हवी. भांडण लागल्यावर केलेल्या नोंदणीनं मागच्या कामाला संरक्षण मिळेल या भरवशावर राहू नका. म्हणजे निपाणीच्या या बाकीसाठी ती कदाचित उपयोगी पडणार नाही, पुढच्या प्रत्येक दुकानासाठी पडेल. उद्यम क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर धंदेवाल्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही. मार्चच्या सुमाराला त्याचा अकाउंटंटच त्याला तुमचं बिल आठवून देतो. मला हा भाग भारी आवडतो.

आता ग्राहक मंचाची धमकी. त्याला आता जिल्हा ग्राहक आयोग म्हणतात आणि तिथं नाका तुम्हाला ओलांडावा लागेल हे खरं. 2019 च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथंच तक्रार करायची मुभा दिली. तुमच्या बिलावरचं "बेळगाव न्यायालय" तिथं चालत नाही. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा लागत नाही, त्यामुळं धमकी पोकळ समजू नका. पण तक्रार करायला सेवेत उणीव दाखवावी लागते. जे द्यायचं कबूल केलं होतं ते वेळेत दिलं, हे तुम्हाला दाखवता येतंय का? जिथं स्टुडिओवाले हरतात तिथं बहुतेकदा काम वाईट नसतं, काम काय ठरलं होतं हेच सिद्ध होत नाही. "सगळं कव्हर करू" असं फोनवर सांगितलेलं असतं. सगळं म्हणजे हळदीपासून की साखरपुड्यापासून? नवरीच्या आजीसाठी "सगळं" म्हणजे प्रत्येक पाहुण्याचा फोटो.

रॉ फोटोंचंही तसंच. कायद्यात "रॉ" नावाचा शब्दच नाही. देण्याचं ठरलं होतं तर द्यायचे, नव्हतं तर अंतिम फोटो दिले की काम झालं, असं आपण म्हणणार. पण इथं तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी गाठ पडते, आणि जे सांगतोय ते फोटोग्राफर मंडळींना आवडत नाही.

लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, तुमचा नसतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. मूळ नियम असा की निर्माण करणारा पहिला मालक. पण त्यालाच जोडून अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेला फोटो, रंगवलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र, बनवलेला चित्रपट यांचा पहिला मालक ते काम सांगणारा, विरुद्ध करार नसेल तर. कोपऱ्यात वॉटरमार्क टाकल्यानं यात फरक पडत नाही. म्हणजे नवरीचा भाऊ जे बोलला त्यात कायद्याचा आधार आहे, आणि फोटो तिच्या खाजगी आयुष्याचे आहेत हा मुद्दा वेगळाच. ते फोटो आज काढून टाका, त्यांना कळवा, दिलगिरीचं एक वाक्य लिहा. माझ्या अनुभवात असली दहातली नऊ प्रकरणं तिथंच मिटतात. पुढच्या वेळी परवानगी आधीच घ्या, तीसुद्धा नेमकी: कुठं टाकणार, लहान मुलांचे फोटो टाकणार की नाही, नावं लिहिणार की नाही. "विरुद्ध करार नसेल तर" हे शब्द तुमच्या बाजूचे आहेत. करारात "कॉपीराइट स्टुडिओचा, घरगुती वापराची मोकळीक ग्राहकाला" असं लिहून घेतलं की गणित उलटतं, आणि मग रॉ फोटोंच्या मागणीलाही तुमच्याकडे बळकट उत्तर असतं. आता या कोल्हापूरच्या प्रकरणात तसं काही लिहिलेलं नाही. त्यामुळं "रॉ फोटो माझ्या मालकीचे" असं ठणकावू नका. "ते ठरलेल्या कामात नव्हते" एवढंच म्हणा.

पैसे येईपर्यंत अल्बम ठेवून घेतला तर चालतं का, हेही बरेच विचारतात. स्वतः तयार केलेली, अजून न सोपवलेली वस्तू किंमत मिळेपर्यंत अडवायला कायद्यात आधार आहे. माझ्या वडिलांचा शहापुरात फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या लोखंडी कपाटात दोन लग्नांचे अल्बम आजही पडून आहेत, रोलच्या जमान्यातले. बाकीचा आकडा पहिल्या पानाच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेला. वडील म्हणायचे, येतील की ओ, लग्नाचे फोटो कोण सोडतंय? एका जोडप्याची मुलगी आता कॉलेजात आहे असं ऐकतो. तर अडवणं हा हक्क आहे, वसुली नव्हे. आणि अडवण्याच्या पुढं एक पाऊलही टाकू नका. "पैसे दिले नाहीत तर फोटो डिलीट करतो" किंवा "व्हिडिओ व्हायरल करतो" असं रागात टाइप केलेलं एक वाक्य तुम्हाला फिर्यादीचं आरोपी करून टाकेल.

लोगोचं मात्र बरोब्बर उलटं आहे, म्हणून दोन्ही धंदे एका छताखाली करणाऱ्यांचा घोळ होतो. कलम 17 चा तो अपवाद फोटो, चित्र-व्यक्तिचित्र, चित्रपट यांच्यासारख्या मोजक्या गोष्टींपुरता आहे. लोगोचं नाव त्यात नाही. पगारी नोकरीत केलेला असेल तर तो मालकाचा, नाहीतर डिझायनरचा, आणि हक्क सोपवायचा तर लेखी आणि सहीनिशीच लागतो. निपाणीच्या दुकानदारानं पूर्ण पैसे दिले असते तरी कागदाशिवाय लोगो कायद्यानं त्याच्या नावावर गेला नसता; त्यानं तर निम्मेच दिलेत. शिवाय कॉपीराइटच्या भंगाचा दावा हक्कदार राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, त्यासाठी गिऱ्हाइकाच्या गावी जावं लागत नाही. नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतो. त्याला नम्रपणे लिहा की बाकी आल्याच्या दिवशी सहीचं हस्तांतरणपत्र देतो, तोपर्यंत वापराची परवानगी पूर्ण झालेली नाही. दुकानदार ट्रेडमार्क नोंदवायच्या विचारात असेल तर हा कागद त्याला तुमच्यापेक्षा जास्त हवा असतो. तो लिहिताना मुदत आणि प्रदेश नक्की घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. चांगल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात असला अर्धवट कागद घालू नये.

लोगोतले फाँट कुठून आणता तेही तपासा. पेनड्राइव्हवरून स्टुडिओ-स्टुडिओ फिरलेला फाँट वापरून "हे काम संपूर्ण माझं" असं लिहून देणं धोक्याचं. 'मुक्त', 'बलू' यांसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी फाँट व्यापारी कामालाही चालतात. आणि बाहेरच्या मुलाकडून लोगो काढून घेत असाल, तो पगारी नसेल, तर आधी त्याच्याकडून हक्क लिहून घ्या. तुमच्याकडे नसलेली गोष्ट तुम्ही पुढं देणार कशी?

पाट्यांची कामं करता म्हणून एक सांगतो. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनं व्यापारी फलकांवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. आपल्या गावात या विषयावर कुणाचं काय मत आहे ते आपण सगळे जाणतो. मी फक्त पैशांचं बोलतोय. गिऱ्हाइकानं मजकूर दिला, तुम्ही पाटी केली, महिन्याभरात ती उतरवायला लागली, तर दुसऱ्या पाटीचे पैसे कोण देणार? "मजकूर, भाषेचं प्रमाण आणि परवाने ग्राहकाची जबाबदारी, नंतरचे बदल वेगळ्या दरानं" ही ओळ कोटेशनवर नसेल तर भांडण तुमच्या दारात.

मंडळांच्या कामावर जरा थांबतो, कारण बेळगावात सगळ्यात जास्त पैसे तिथंच बुडतात. शिवजयंतीचे चित्ररथ, गणपतीचे देखावे, बॅनर, मिरवणुकीचं शूटिंग. नोंदणी नसलेलं मंडळ ही कायद्याच्या नजरेत व्यक्तीच नाही. त्याच्या नावावर दावा लावून हाती काही लागत नाही. ऑर्डर देणाऱ्या माणसांना धरावं लागतं. आणि कार्यकारिणी बदलली की नवा अध्यक्ष म्हणतो, "ते जुन्या कमिटीनं सांगितलेलं, आम्हाला काय ठाऊक?" म्हणून काम घेताना अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघांचा एक ग्रुप करा आणि तिथं लिहून घ्या: ऑर्डर कोण देतंय, पैसे कोण देणार, मंडळाकडे जमले नाहीत तर वैयक्तिक जबाबदारी कुणाची. निम्मे पैसे काम सुरू करताना, उरलेल्यातला मोठा भाग मिरवणुकीच्या आदल्या दिवशी. मिरवणूक संपल्यावर कुणाला आठवण राहत नाही, आणि मंडळातली पोरं वाईट नसतात. वर्गणी संपलेली असते इतकंच.

लग्नघरात हीच अडचण वेगळ्या रूपात येते. ऑर्डर नवऱ्याच्या बहिणीनं दिलेली, विसार मामानं दिलेला, "निम्मे तिकडचे देतील" असं कुणीतरी बोललेलं. दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुम्ही मधल्यामधे. दोन पक्ष पैसे देणार असतील तर दोन बिलं करा, नाहीतर एकाच माणसाला पूर्ण रकमेला बांधा.

विसार परत करायचा का? गिऱ्हाइकानं तारीख रद्द केली तर ठेवता येतो, पण वाजवी. कराराच्या कायद्याचं कलम 74 म्हणतं की ठरलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई देईल. "कुठल्याही परिस्थितीत एक रुपयाही परत नाही" हे छापील वाक्य ग्राहक आयोगासमोर टिकेलच असं नाही. त्याऐवजी टप्पे ठेवा: दोन महिने आधी कळवलं तर इतका, पंधरा दिवस आधी तर इतका. आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीच्या मुहूर्तांसाठी दुसऱ्यांना जे "त्या तारखेला काम आहे" असे मेसेज पाठवता ते पुसू नका. तेच तुमच्या नुकसानीचा पुरावा.

उरलेलं भरभर. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात काम केलं म्हणून तेवढ्यानं जीएसटी नोंदणी सक्तीची होत नाही. सेवांना 2017 मध्येच ही सूट मिळाली. माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याचा नियम वेगळा आहे, त्यामुळं फ्रेम, मग, छापील वस्तू सीमेपार विकत असाल तर सीएला विचारा. वरातीत सिनेमाचं गाणं वाजवायला कायद्यानं सूट दिलीय, पण तेच गाणं तुमच्या व्हिडिओला जोडून यूट्यूबवर चढवायला ती लागू पडत नाही. ड्रोन उडवण्याआधी, तो कुठं उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघा. आपल्याकडे सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, इकडे कॅन्टोन्मेंट. नवऱ्याकडच्यांचा हट्ट म्हणून उडवलेल्या ड्रोनची चौकशी नवऱ्याकडे होत नाही.

आता "आम्ही काय परके काय ओ?" हा प्रश्न. यावर चिडू नका आणि चार पानी करार पुढं सरकवू नका. इंटरनेटवरून उतरवलेले इंग्रजी करार तर नकोच, त्यातले निम्मे परदेशातल्या कायद्यांवर बेतलेले असतात. आपल्याकडे तोंडी करारही करारच असतो. अडचण तो सिद्ध करण्याची आहे. म्हणून बोलणी झाली त्याच संध्याकाळी एक मेसेज पाठवा आणि त्यावर "मान्य" असं उत्तर मागा. इलेक्ट्रॉनिक मार्गानं झालेला करार केवळ त्या कारणानं अवैध ठरत नाही. पाहुण्याला सही मागितली की राग येतो, मेसेजला "मान्य" म्हणताना येत नाही. मी एका गिऱ्हाइकाला लिहून दिलेला मसुदा असा:

"काका, नमस्कार. आज बोललो ते एकदा लिहून ठेवतोय, म्हणजे गडबडीत माझ्याकडून काही राहायला नको. हळद व लग्न, दोन दिवस, दोन फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला. निवडक 400 फोटो, 40 पानी एक अल्बम, 20 मिनिटांची फिल्म, लग्नानंतर 60 दिवसांत. अल्बममध्ये दोन वेळा बदल मोफत, पुढचे वेगळे. रॉ फोटो यात धरलेले नाहीत. एकूण रक्कम इतकी, विसार मिळाला इतका, लग्नाच्या दिवशी इतके, उरलेले अल्बम देताना. सर्व रक्कम बेळगावात देय, वाद बेळगावच्या न्यायालयात. कॉपीराइट स्टुडिओकडे, घरच्या वापराला तुम्हाला पूर्ण मोकळीक. इन्स्टाग्रामवर तुम्ही निवडलेले 10 फोटोच टाकू. बरोबर असेल तर 'मान्य' लिहा, काही चुकलं असेल तर सांगा."

यातलं "माझ्याकडून राहायला नको" हे वाक्य काढू नका. त्यानं कागदाची भीती जाते. वीस-पंचवीस हजारांच्या वरच्या व्यापारी कामाला मात्र मुद्रांकावर छोटा करार कराच. मुद्रांक कमी पडला म्हणून कागद कायमचा बाद होत नाही, पण पुरावा म्हणून पुढं करताना कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो. सीमेपलीकडे सही झाली तर कुठल्या राज्याचा मुद्रांक हा प्रश्न उभा राहतो, म्हणून सह्या शक्यतो एकाच गावात घ्या. मराठीतला करार वैध आहेच. इथल्या कोर्टात दाखल करताना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडायची तयारी ठेवा.

मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला मूळ फोन जपलेला असेल तर बरं पडतं. तुमचं कोल्हापूरचं सगळं बोलणं ज्या फोनवर आहे तो विकू नका, रिसेट करू नका, "डिसअपिअरिंग मेसेज" चालू असेल तर आत्ता बंद करा.

या 85 हजारांसाठी पायऱ्या अशा लावा. आधी खालचा मेसेज. त्याला पंधरा दिवसांत सरळ उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टानं. मग जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणात दाव्याआधीचा तडजोडीचा अर्ज. लोकअदालतीत समेट झाला तर त्याला हुकूमनाम्याचं बळ येतं. ते यायलाच तयार नसतील तर मग दाव्याचा विचार. मुदत साधारण काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं, म्हणजे घाई नाही, पण दोन वर्षं पाहुण्यारावळ्यांत घालवू नका. बाकी मान्य असल्याचं त्यांच्याकडून लेखी आलं तर मुदत त्या दिवसापासून नव्यानं मोजता येते. मेसेजला "सही" म्हणायचं की नाही यावर वकील भांडतात, म्हणून ईमेलवर किंवा कागदावर मिळालं तर उत्तम. शिवाय पाच-दहा हजार कमी करून एकरकमी मिटत असेल तर मिटवा. तुमचा पुढचा मुहूर्त त्याहून मोलाचा आहे.

मेसेज हा, यात रागाचा एकही शब्द घालू नका, आणि आकडे व तारखा तुमच्या घाला:

"नमस्कार दादा. आपल्या घरच्या लग्नाचं ठरलेलं सर्व काम अमुक तारखेला आपल्याला पोहोचलं. एकूण रकमेपैकी 85,000 रुपये बाकी आहेत. हिशेबात काही फरक वाटत असेल तर कृपया लिहून कळवा. रॉ फोटो ठरलेल्या कामात नव्हते. हवे असतील तर वेगळं ठरवू, पण ते आणि ही बाकी वेगवेगळं ठेवूया. एकदम जमत नसेल तर दोन हप्ते करू, कुठल्या तारखांना देता येईल तेवढं सांगा."